टिंब आलं

सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी पार्किंगवर वीस मिनिटं बोलायला लागलं, की मागच्या रांगेतून एक हात वर जायचा. तर्जनी सरळ हॉलच्या उजव्या कोपऱ्याकडे, भिंत आणि छत मिळतात तिथे रोखलेली. मग खर्जातला आवाज, "टिंब आलं."

जुनी माणसं हसायची. बोलणारा ओशाळून खाली बसायचा. नव्या बिऱ्हाडांना काही कळायचं नाही, ती कोपऱ्यात पाल शोधायची.

हे आमचे ऑपरेटरकाका. सोसायटी मुलुंड पूर्वेला, दोन विंग, तीन मजले, लिफ्ट नाही. काका बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एकटे, मी त्याच विंगमध्ये पहिल्या मजल्यावर. चौदा वर्षं सेक्रेटरी मीच आहे, कारण दुसरं कुणी तयार होत नाही आणि माझ्याकडे डायरी आहे. रोज सकाळी चहाबरोबर मी कामांची यादी करते आणि संध्याकाळी झालेल्या कामापुढे बरोबरची खूण करते. खूण झाली की ते काम माझ्या डोक्यातून जातं. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढच्या गोष्टीत त्या खुणेचा भाग आहे.

काकांनी घाटकोपरच्या एका टॉकीजमध्ये बत्तीस वर्षं मशीन चालवलं. टॉकीज पाडून तिथे टॉवर झाला, पण टिंब त्यांच्याबरोबर घरी आलं. टिंबाचं असं, की पिक्चर एका रिळात मावत नाही. म्हणून केबिनमध्ये दोन मशिनं. एकावरचं रीळ संपत आलं, की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक काळं टिंब उमटतं. पहिल्या टिंबाला दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. सात-आठ सेकंदांनी दुसरं टिंब येतं, तेव्हा हे मशीन झाकायचं, ते उघडायचं. पब्लिकला पत्ता लागता कामा नये.

"तुम्हाला टिंब दिसलं तर पिक्चर बोअर," काका म्हणायचे. "मला नाही दिसलं तर माझी वाट लागली."

त्या बत्तीस वर्षांची सवय त्यांच्या अंगात मुरली होती. लग्नाला यायचे, पण जेवणावळ उठायच्या आधी चपला शोधायला लागायचे. क्रिकेटची शेवटची ओव्हर टीव्हीवर चालू असताना हे स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत असायचे आणि तिथून ओरडून विचारायचे, "जिंकलो काय रे?" कुठलीही गोष्ट संपायला आली, की काकांचे हात पुढच्या गोष्टीच्या तयारीला लागायचे. तुम्ही त्यांच्या शेजारी राहिला असतात तर तुमच्याही हे लक्षात आलं असतं. आम्हाला ती गंमत वाटायची.

मे महिन्याच्या सुट्टीत संध्याकाळी पाण्याच्या टाकीजवळच्या कट्ट्यावर पोरं त्यांना घेरायची. "काका, बदकाचं!"

बदकाचं म्हणजे एक कार्टून. परदेशी, फार जुनं, त्यात बोलणं अजिबात नाही, नुसतं संगीत. मेन पिक्चर लागेपर्यंत पब्लिक नीट बसावं म्हणून टॉकीजच्या मालकाने ते आठ मिनिटांचं रीळ कुठूनसं आणलं होतं. ते तिथेच राहिलं आणि वर्षानुवर्षं रोज लागत राहिलं. काकांकडे आता ना रीळ होतं ना मशीन. ते सगळं कार्टून तोंडाने वाजवून दाखवायचे.

तळ्याकाठी एका स्टेजवर पक्ष्यांचा बँड असतो. कोंबडा बँडमास्तर, पोट सुटलेला, हातात छडी. बगळा क्लॅरनेट वाजवतो, घुबड ढोल बडवतं, चिमण्यांची एक रांग व्हायोलिनवर. आणि शेवटी उभं असतं एक छोटं बदक, वाकडी पिपाणी घेऊन. ते वाजवतं मन लावून, पण दर वेळी एक ठोका उशिरा. सगळा बँड थांबतो आणि मग याची पिपाणी. कोंबडा त्याला छडीने हाकलून देतो. बदक एकटं गोठलेल्या तळ्याच्या मधोमध जातं आणि तिथे उभं राहून वाजवायला लागतं. बर्फ कर्रर्र करतो. बदक आत. कोंबडा छडी फेकून धावत सुटतो. मग सगळं शांत.

इथे काका खरंच गप्प व्हायचे. पोरं पुढे सरकायची. काका मूठ तोंडाशी न्यायचे, नाकातून एक सूर काढायचे. पिपाणीचा. एक ठोका उशिरा. मग त्यांच्या गालातून, मांडीवरून, कट्ट्याच्या फरशीवरून सगळा बँड वाजायला लागायचा.

"बदक आलं रे आलं!"

टाळ्या, शिट्ट्या. माझी दोन्ही मुलं हेच ऐकत मोठी झाली. मुलगी अमेरिकेत आहे, तरी फोनवर विचारते, काका अजून बदक करतात का.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात ए विंगमधल्या आर्याने हात वर केला. आठ वर्षांची होती. वर्गात बाईंना भंडावून सोडणारं एक पोर असतं ना, तसलं.

"काका, तुम्ही बघितलं बदक आलेलं?"

"मग! पिपाणी वाजली ना, एक ठोका उशिरा. दुसरं कोण असणार?"

"वाजलेली नाही हो. बघितलं का, बघितलं?"

मी गॅलरीतून ऐकत होते. काकांनी कोपऱ्याकडे बोट केलं, "टिंब आलं, चला पळा घरी," म्हणाले. हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. चपलांच्या कपाटाजवळच्या खुर्चीत बसले, आत या म्हटलं तरी उठले नाहीत.

"सेक्रेटरीबाई, डायरी काढा. एक तक्रार आहे. माझी माझ्याविरुद्ध."

"काय झालं काका?"

"बदक येतं तेव्हा मी तिथे नसायचो. रीळ संपत आलं की मी दुसऱ्या मशीनपाशी. तिथल्या भोकातून पडद्याचा नुसता वरचा कोपरा दिसायचा. डोळे टिंबावर, हात हॅन्डलवर. मालकाला सांगून थकलो असिस्टंट द्या, दिला नाही. रोज चार वेळा लागायचं ते, पण शेवट मी नुसता ऐकलाय."

"नाव तरी काय कार्टूनचं? शोधू आपण."

"नावाची पाटी यायची तेव्हा मी हॉलचे दिवे मंद करायचो."

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून आवरलं. मी व्यवहारी बाई, मी विचारलं, "मग रीळ गुंडाळताना फिल्म बल्बसमोर धरून बघायची ना."

"बघितली एकदा. शेवटची दोन हात फिल्म. नुसती पांढरी. मध्ये कुठेतरी एक ठिपका. बर्फ असणार." मग खुर्ची माझ्याकडे सरकवली. "हजारभर पोरांना सांगितलं, बदक आलं. आवाजावरून सांगितलं. खरं सांगितलं की थाप मारली, तेवढं एकदा डोळ्यांनी बघायचंय. डोळे आहेत तोवर."

डोळ्यांचं मला माहीत होतं. साखर जुनी. उजवा डोळा आधीच गेलेला, डाव्यात दर तीन महिन्यांनी इंजेक्शन. डॉक्टर म्हणायचे, पडदा खराब झालाय. त्यावर काका त्यांना म्हणाले होते, "आमच्या टॉकीजमध्ये दोनदा नवा पडदा बसवला, तुमच्याकडे सोय नाही?"

जाताना दारात थांबले. "बायको गेली तेव्हासुद्धा मी खाली औषधं आणायला गेलेलो. वर आलो तर संपलेलं." आणि जिना चढायला लागले.

मी डायरीत लिहिलं, ऑपरेटरकाका, बदकाचा शेवट. त्याखाली कामं पाडली. टॉकीजच्या मालकाचा मुलगा भेटला, म्हणाला सगळी रिळं भंगारात गेली. अंधेरीला जुन्या फिल्म जमवणारे एक गृहस्थ आहेत, त्यांनी चहा पाजला आणि बदकांची अकरा कार्टून दाखवली. एकाही बदकाकडे पिपाणी नव्हती. इंटरनेटवर नाव माहीत नसलेली गोष्ट कशी शोधायची, हे मला कुणी नीट सांगू शकलं नाही. दोन वर्षं त्या ओळीपुढे खूण झाली नाही. माझ्या डायरीत इतकी जुनी दुसरी ओळ फक्त गच्चीच्या गळतीची आहे.

शेवटी सोसायटीच्या मोठ्या झालेल्या मुलांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप केला आणि सगळी गोष्ट लिहिली. आमच्याच विंगमधला, आता बंगळुरूला असलेला एक मुलगा मागे लागला. त्याने कुठल्या कुठल्या देशांतल्या जुन्या कार्टूनवेड्यांना विचारलं. पाच महिन्यांनी, गेल्या वर्षी एका गुरुवारी दुपारी, मी ऑफिसात जेवत असताना त्याचा मेसेज आला. "मावशी, सापडलं. पिपाणी आहे." खाली लिंक.

मी पहिली दहा सेकंदं लावून आवाज येतोय ना एवढं तपासलं आणि बंद केलं. पुढचं काकांबरोबर बघायचं होतं.

संध्याकाळी घरी न जाता सरळ तिसऱ्या मजल्यावर गेले. सांगितलं. काकांनी हात पुढे केला, फोनसाठी.

आणि मी म्हटलं, "असं एवढ्याशा फोनवर बघणार काका? तुम्ही? हॉलमध्ये पडदा लावू. प्रोजेक्टर मिळतो भाड्याने. तुमची सगळी पोरं बोलवू. या रविवारी नको, दहावीचे क्लास आहेत. पुढच्या रविवारी."

काकांनी हात मागे घेतला. चेहरा खुलला होता. "पडद्यावरच. बरोबर आहे. पडद्यावर."

माझी यादी सुरू झाली. प्रोजेक्टर, पांढरं कापड, स्पीकर, साठ खुर्च्या, बटाटेवडे, अंधार करायला खिडक्यांना लावायचे काळे कागद. पुण्याहून तिघं येणार होते, नाशिकहून काकांचा मुलगा. मी फार खुशीत होते, हेही सांगितलं पाहिजे.

बुधवारी सकाळी गेटवर काका भेटले. हातात दुधाची पिशवी. मला ऑफिसला जायचं होतं, रिक्षा उभी होती आणि कानाला खुर्चीवाला. काकांनी नेहमीसारखं बोट वर केलं, उजव्या कोपऱ्याकडे. तिथे कोपरा नव्हता, नुसतं आभाळ होतं.

"टिंब आलं, सेक्रेटरीबाई."

मी हसले. "माहितीये हो काका. रविवारी पाच म्हणजे पाच. एक मिनिट उशीर नाही करणार."

"नाय गो, टिंब..."

"हो हो, ठरलंय," मी म्हटलं आणि रिक्षात बसले.

काका मूळचे मालवणकडचे. एरवी आमच्यासारखंच बोलायचे. मनातलं काही असलं तरच "गो" यायचं. हे मला चौदा वर्षं माहीत होतं.

शुक्रवारी सकाळी त्यांचा फोन आला. "बिल्डिंगची लाइट गेली काय? मीटर बघता जरा?"

साडेनऊ वाजले होते. माझ्या घरात उन्हाचा चौकोन थेट सोफ्यापर्यंत आला होता. मी डुप्लिकेट चावी घेऊन वर पळाले. काका खिडकीसमोर खुर्चीत बसलेले, तोंड उजेडाकडे, ऊन मांडीवर.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या डोळ्यात रक्त उतरलंय, मागचा पडदाही सुटलाय. विचारलं, समोर काळे ठिपके कधीपासून दिसायला लागले?

"बुधवारपासून. वर, उजव्या कोपऱ्यात," काका म्हणाले. माझ्याकडे वळून, म्हणजे मी असेन असं वाटलं त्या बाजूला वळून, म्हणाले, "यांना सांगितलं होतं." तक्रार नव्हती त्यात. डॉक्टरांना माहिती देत होते.

त्याच दिवशी आणलं असतं तर? मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, कदाचित. मी पुन्हा विचारलं. ते पुन्हा कदाचितच म्हणाले.

एखादं काम चुकलं की मी दुसऱ्या दिवशीच्या यादीत सगळ्यात वर लिहिते आणि करून टाकते. त्या रात्रीच्या जेवणाआधी मी डायरी उघडली. लिहायला काही सापडेना. ऑपरेशनने उपयोग नाही म्हणाले होते. मुलाने ठरवलं होतं, सोमवारी काकांना नाशिकला न्यायचं, कायमचं. मी निदान कार्यक्रम रद्द करते म्हणून सांगायला वर गेले.

"साठ खुर्च्या भरणार ना?" काकांनी विचारलं.

"भरणार."

"मग शो कॅन्सल करायचा नाही. मशीन चालू असेल तर ऑपरेटर आजारी पडत नाही."

रविवारी पाचला हॉल भरला. टक्कल पडलेली पोरं, कडेवर मुलं घेतलेल्या मुली. काकांना पुढे मानाच्या खुर्चीत बसवायला निघाले, तर म्हणाले, "ऑपरेटर मागे असतो." म्हणून आम्ही दोघं सगळ्यात मागे, प्रोजेक्टरच्या टेबलाशी. पुढे आर्या, आता अकरा वर्षांची, बहिणीला मांडीवर घेऊन.

नावाची पाटी आली, मी वाचून दाखवली. "एवढंच?" काका म्हणाले. मग संगीत सुरू झालं आणि त्यांचा हात माझ्या मनगटावर आला.

ते चित्राच्या एक पाऊल पुढे होते. "आता कोंबडा छडी आपटणार." आपटली. "आता घुबडाची चड्डी घसरणार." घसरली, पोरं हसली. बत्तीस वर्षांत एक आवाज चुकला नव्हता. बदक हाकललं गेलं, तळ्यावर गेलं, बर्फ तडकला. कोंबडा धावला. शांत झालं.

पडदा पांढरा झाला. मध्ये एक ठिपका.

ठिपका मोठा होत गेला आणि मला दिसलं, की तो बर्फ नाही. ढग आहेत. ढगावर बदक बसलंय, पाठीला दोन छोटे पंख, डोक्यावर चकचकीत कडं. खाली, फार खाली, तळ्याच्या काठाला सगळा बँड टोप्या काढून उभा आणि कोंबडा वर बघतोय. बदकाने पिपाणी ओठाला लावली. वाजवली. एक ठोका उशिरा.

हॉलमध्ये कुणीही हललं नाही. आमच्या सोसायटीत साठ माणसं एकदम गप्प बसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

"बदक इलां काय गो?" काकांनी विचारलं. हळूच विचारलं, पण त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेलं. आर्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं.

"बदकच वाजवतंय, काका," मी म्हटलं. हे खरं होतं.

"खंय आसा तां?"

"वर."

"वर? स्टेजार?"

चौदा वर्षं मी मीटिंगचे मिनिट्स लिहिते. कुणी न बोललेलं वाक्य त्यात घातलेलं नाही. आर्या अजून बघत होती.

"हो," मी म्हटलं. "स्टेजवर."

बँड वाजायला लागला. काकांचा हात माझ्या मनगटावरून सुटला आणि उजवीकडे हवेत गेला, नसलेल्या हॅन्डलवर. "आता टिंब," ते म्हणाले. आणि खरोखर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, त्या ढगांवर, एक काळं टिंब उमटून गेलं. मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. काकांनी मनात सेकंद मोजले. दुसरं टिंब आलं आणि त्यांनी हॅन्डल ओढलं. झांज वाजली. संपलं.

टाळ्या सगळ्यात आधी आर्याने वाजवल्या.

वडे वगैरे झाल्यावर मी त्यांना हाताला धरून वर घेऊन गेले. दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबलो.

"पांढरं होतं ना सगळं? शेवटी?" काकांनी विचारलं.

"हो."

त्यांनी माझा दंड थोपटला, दोनदा. "बर्फ असणार," म्हणाले. "तुम्ही नका मनाला लावून घेऊ." आणि कठडा चाचपत पुढची पायरी चढले.

सोमवारी ते नाशिकला गेले. सात महिन्यांनी मुलाचा फोन आला, दुपारच्या झोपेत गेले. त्यांचं घर बंद आहे. मीटिंग आता लांबतात. कुणी फार बोलायला लागलं की चारपाच जुनी डोकी हॉलच्या उजव्या कोपऱ्याकडे वळतात आणि परत खाली होतात. या मे महिन्यात आर्या कट्ट्यावर बसून लहान पोरांना बदकाचं वाजवून दाखवत होती. शेवटी "बदक आलं रे आलं" म्हणाली. तेव्हा तिने वर माझ्या गॅलरीकडे बघितलं नाही.

गच्चीच्या गळतीचं जुनं कोटेशन शोधताना परवा मी गेल्या वर्षीची डायरी काढली. त्या बुधवारचं पान उघडलं गेलं. रिक्षात बसल्या बसल्या लिहिलेलं असणार, अक्षर हललेलं आहे. खुर्च्या नक्की करणे. काळे कागद. आणि त्याखाली, "काका म्हणाले टिंब आलं. कार्यक्रम वेळेवर सुरू करणे."

पुढे बरोबरची खूण आहे.